पंख्यामागचे सील

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतील नववीचा एक विद्यार्थी बारा दिवस शाळेत आला नाही. त्याचे घर रत्नागिरीला भाट्याच्या खाडीजवळ आहे. वडील मासेमारी करतात. त्यांची फायबरची लहान होडी आहे आणि होडीच्या मागे आउटबोर्ड मोटर लावलेली आहे. तेराव्या दिवशी मुलगा वर्गात आला तेव्हा मी त्याला कारण विचारले. त्याने खिशातून एक काड्यापेटी काढली. तिच्यात काड्या नव्हत्या. बोटात अंगठीसारखे बसेल एवढे एक कडक, पिवळसर कडे होते.

"सर, यानेच आमचे मशीन खाल्ले," तो म्हणाला.

ते कडे म्हणजे वितळून घट्ट झालेला तंगूस होता. तंगूस म्हणजे गळाला आणि काही जाळ्यांना वापरतात तो नायलॉनचा पारदर्शक धागा. एवढ्याशा धाग्याने लोखंडाचे यंत्र कसे खाल्ले? मलाही तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. पुढे मी ते एका कारागिराकडून समजून घेतले. तेच आज तुम्हांला सांगतो.

तुमच्यापैकी काहीजण मालेगाव, भिवंडी किंवा अकोल्यात राहत असतील. त्यांनी कदाचित अशी मोटर पाहिलीही नसेल. म्हणून आधी तिची ओळख करून घेऊ. मोठ्या नौकेचे इंजिन नौकेच्या पोटात असते. आउटबोर्ड मोटर मात्र होडीच्या बाहेर, मागच्या फळीवर शिकंज्यांनी घट्ट बसवलेली असते. लहान मोटर दोन माणसे उचलून घरी नेऊ शकतात. अमेरिकेत राहणारे ओले एव्हिनरूड हे मूळचे नॉर्वेचे गृहस्थ. त्यांनी १९०९ च्या सुमारास अशा मोटरी विकायला सुरुवात केली आणि त्या जगभर पसरल्या. त्यांच्या आधीही एक-दोघांनी असे प्रयत्न केले होते, पण नाव झाले ते एव्हिनरूड यांचे.

मोटरीचे तीन भाग ध्यानात ठेवा. वर इंजिन. मध्ये उभा लांब पाय; त्याच्या आतून एक उभा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, खाली जातो. तळाशी माशाच्या आकाराची एक बंद पेटी. ही पेटी कायम पाण्याखाली असते. तिच्यात दातेरी चाके, म्हणजे गिअर असतात. उभ्या शाफ्टचे फिरणे हे गिअर आडव्या शाफ्टला देतात. आडवा शाफ्ट पेटीच्या मागच्या तोंडातून बाहेर येतो आणि त्याच्यावर पंखा बसवलेला असतो. पुस्तकांत त्याला प्रोपेलर म्हणतात. बंदरावर सगळे पंखाच म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

(शब्दांवरून आठवले. उर्दूत दरिया म्हणजे नदी. मराठीत कोणी 'दर्यावर गेला' म्हटले, तर तो समुद्रावर गेला असे समजायचे. फारसीतही दर्या म्हणजे समुद्रच. आणि मराठीतले बंदर म्हणजे झाडावर उड्या मारणारे बंदर नव्हे! ते उर्दूतील बंदरगाह. दर वर्षी पाचवीच्या वर्गात या शब्दावर हशा पिकतो.)

आता खरी अडचण पाहा. पेटीच्या आत तेल हवे, कारण तेलाशिवाय गिअरचे दात एकमेकांना खातात. पेटीच्या बाहेर समुद्राचे खारे पाणी आहे. आणि शाफ्ट तर आतून बाहेर आलेला आहे. ज्या भोकातून तो बाहेर येतो ते भोक घट्ट बंद केले तर शाफ्ट फिरणार नाही. सैल ठेवले तर तेल बाहेर जाईल आणि पाणी आत येईल. फिरणाऱ्या वस्तूभोवतीची फट बंद कशी करायची?

हे काम सील करते. सील म्हणजे धातू आणि रबर यांची एक चकती. बाहेरून धातूची कडी, आत रबराचा पातळ ओठ. ओठाच्या मागे बारीक स्प्रिंगचे एक वर्तुळ असते. ते ओठाला चहूबाजूंनी शाफ्टवर हलके दाबून धरते. ओठ आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर राहतो. त्या थरामुळे रबर जळत नाही आणि त्याच थरामुळे पाणीही अडते. पंख्याच्या शाफ्टवर बहुधा अशी दोन सीले एकामागे एक बसवलेली असतात. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांनी पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या पाहाव्यात. तेथेही असेच सील तेल अडवून धरते. ते फाटले की नळीवर तेल ओघळते.

आता तंगूस कोठून येतो ते पाहू. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्याआधी जाळी आणि गळाच्या दोऱ्या सुताच्या, तागाच्या किंवा इतर झाडांच्या तंतूंच्या असत. त्या पाण्यात कुजत. कोळी लोकांना त्या पुन्हापुन्हा वाळवाव्या लागत. नायलॉन कुजत नाही. तो त्याचा मोठा गुण आहे, आणि तुटून पाण्यात राहिला तर तोच मोठा दोष आहे. पाण्यात तो दिसत नाही. खाडीच्या तोंडाशी, खडकांजवळ, जेटीभोवती पाण्यात त्याचे तुकडे असतात. होडी त्यावरून गेली की पंखा धागा ओढून घेतो.

पंखा किती वेगाने ओढतो याचे गणित सोपे आहे. समजा, इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत आहे. गिअरमुळे पंख्याचा वेग जवळपास निम्मा होतो. म्हणजे मिनिटाला सुमारे २,४०० फेरे, सेकंदाला ४०. शाफ्टचा घेर ५ सेंटिमीटर धरला तर एका सेकंदात २०० सेंटिमीटर, म्हणजे २ मीटर धागा गुंडाळला जाईल. वीस मीटरचा तंगूस दहा सेकंदांत नाहीसा! होडी चालवणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच कळत नाही. इंजिनाचा आवाजही बदलत नाही.

गुंडाळलेला धागा पंख्याच्या पात्यांवर राहिला तर दिसतो. पण तो हळूहळू पुढे सरकतो आणि पंखा व पेटी यांच्यामधल्या अरुंद फटीत शिरतो. तेथे त्याच्यावर नवे वेढे पडत जातात. वेढे इतके आवळतात की घर्षणाने गरम होऊन धागे एकमेकांना चिकटतात. कापडातले आणि जाळ्यातले नायलॉन साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते. भोवती पाणी असले तरी घासणाऱ्या जागी तेवढी उष्णता निर्माण होऊ शकते. मग त्याचे कडे बनते, काड्यापेटीत होते तसे. हे कडे सीलच्या तोंडावर दाबले जाते, ओठाच्या खाली घुसते आणि रबर कापते. कधी ते शाफ्टवरही चर पाडते.

सील कापले गेले तरी होडी त्या दिवशी बंद पडत नाही. म्हणूनच हा रोग फसवा आहे. मोटर चालू असताना पेटी गरम होते, आतली हवा आणि तेल प्रसरण पावते, आणि फाटलेल्या ओठातून थोडे तेल बाहेर पडते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो. मोटर बंद केली की पेटी थंड होते. आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. गरम भाताच्या डब्याचे झाकण घट्ट लावून ठेवले तर थंड झाल्यावर ते निघत नाही. तुम्ही हे अनुभवले असेल. कारण तेच आहे. डब्यात हवा शिरू शकत नाही. येथे मात्र फाटलेल्या सीलमधून पाणी शिरते. दर फेरीला थोडे तेल जाते, थोडे पाणी येते.

त्या मुलाच्या वडिलांचे असेच झाले. एकदा पंख्यात तंगूस अडकला होता. त्यांनी पात्यांवरचा धागा कापून टाकला आणि काम चालू ठेवले. पंखा काढून मागे पाहिले नाही. पुढे तेल कमी होऊ लागले तेव्हा ते वरून तेल भरत राहिले. दोन महिने गेले. एका संध्याकाळी परत येताना खालून मोठा आवाज झाला. इंजिन ओरडत होते, पण पंखा फिरत नव्हता. गिअरचे दात तुटले होते. ओहोटी लागली होती, खाडीचे पाणी बाहेर धावत होते, आणि होडीत वल्ही दोनच. बापलेकांनी आळीपाळीने वल्ही मारली. घरी पोहोचले तेव्हा रात्र झाली होती. घरचे सगळे किनाऱ्यावर कंदील आणि बॅटऱ्या घेऊन उभे होते. नवे गिअर येईपर्यंत होडी बांधून राहिली आणि मुलगा काकांच्या होडीवर मजुरीला गेला. सील काही शे रुपयांत येते. गिअर, बेअरिंग आणि शाफ्ट मिळून खर्च हजारोंच्या घरात गेला.

नंतर एका रविवारी मी त्या मुलाबरोबर कारागिराकडे गेलो. तेथे तशीच दुसरी मोटर आली होती. सुदैवाने तिचा मालक वेळेवर आला होता. कारागिराने आम्हांला जवळ बसू दिले, पण एक अट घातली: विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

त्याने प्रथम इंजिनाच्या प्लगची वायर काढून ठेवली. पंखा हाताने फिरवताना इंजिन चुकून सुरू झाले तर बोटे जातात. समुद्रात धागा काढतानाही हेच पाळायचे. इंजिन नुसते न्यूट्रलमध्ये ठेवून भागत नाही. ते बंद करायचे, मोटर वर उचलायची आणि मगच पंख्याजवळ हात न्यायचा.

मग त्याने मोटर उभी असतानाच पेटीचा खालचा स्क्रू सैल केला. मोटर रात्रभर तशीच उभी ठेवली होती. प्रथम चमचाभर स्वच्छ पाणी आले, त्यामागून दूध घातलेल्या चहासारखे तेल. "असे का?" त्याने मुलाला विचारले. मुलाने बरोबर उत्तर दिले. पाणी तेलापेक्षा जड असते म्हणून ते तळाशी बसते. पण जे पाणी गिअरनी घुसळून तेलात मिसळले ते लवकर वेगळे होत नाही. ताकातल्या लोण्यासारखे त्याचे बारीक थेंब तेलात अडकून राहतात. चांगले गिअर ऑइल मधासारखे किंवा काळपट, पण पारदर्शक दिसते. दुधाळ दिसले की पाणी शिरले असे समजावे. खालच्या स्क्रूला चुंबक असेल तर त्याच्यावर लोखंडाचा कीस बघायचा. बारीक काळी लुकण थोडी असतेच. टोचणारे तुकडे मिळाले तर दात किंवा बेअरिंग फुटत आहे. या मोटरीत तुकडे नव्हते. मालकाचा चेहरा तेवढ्यात उजळला.

त्याने तेल एका जुन्या डब्यात धरले. काही लोक ते सरळ खाडीत ओततात. ज्या पाण्यातून आपण मासे काढतो त्याच पाण्यात ते तेल जाते, हे मला कधीच समजलेले नाही.

यानंतर पंखा. नटातून आरपार गेलेली पिन सरळ करून काढली, नट काढला, वायसर काढला, पंखा मागे ओढला. पंख्यामागे एक जाड वायसर असतो. त्याच्याही मागे तंगूस होता, काळा पडलेला. मुलाने उत्साहाने तो ओढायला हात पुढे केला तेव्हा कारागिराने त्याला थांबवले. ओढले तर धागा आणखी आवळतो आणि सीलमध्ये रुततो. त्याने आकड्यासारख्या पात्याने एकेक वेढा कापला आणि पाते शाफ्टला लागू दिले नाही. सगळे तुकडे मोजून कागदात गुंडाळले.

सीले ज्या भागात बसतात तो भाग, म्हणजे बेअरिंगचे घर, दोन बोल्टांनी पेटीला धरलेला होता. बोल्ट निघाले, पण घर हलेना. खाऱ्या पाण्यात राहून मिठाने आणि गंजाने ते जखडून जाते. अशा वेळी हातोडी मारली तर अॅल्युमिनियमची पेटी तडकते. त्याने गंज सोडवणारे तेल मारले, अर्धा तास वाट पाहिली, आम्हांला चहा पाजला, पेटीला बाहेरून थोडा शेक दिला आणि मग ओढायच्या हत्याराने ते घर शाफ्टसकट बाहेर काढले. अॅल्युमिनियम तापले की स्टीलपेक्षा जास्त फुगते. शेक देण्याचे कारण हे. अर्थात गळलेले तेल आणि पेट्रोल जवळ असेल तेथे जाळ आणायचा नाही. त्याने आधी सगळे पुसून घेतले होते.

आता त्याने शाफ्ट पुसला आणि माझा हात धरून अंगठ्याचे नख त्याच्यावरून फिरवायला लावले. सीलचा ओठ जेथे घासतो तेथे नख किंचित अडखळले. तेथे चर पडला होता. डोळ्यांना तो फक्त चकाकणाऱ्या रेघेसारखा दिसत होता. जुने सील काढून नवे त्याच जागी बसवले तर नवा ओठ त्याच चरात बसेल आणि पुन्हा पाणी येईल. पुष्कळ लोक म्हणतात, "नवे सील टाकले तरी महिन्यात गेले." ते सीलचा दोष काढतात. दोष चराचा असतो. चर खोल असेल तर शाफ्ट बदलावा लागतो. उथळ असेल आणि जागा असेल तर नवे सील दोन-तीन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवतात, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. येथे त्याने तसेच केले.

जुनी सीले काढण्याआधी त्याने त्यांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत ते कागदावर काढून ठेवले. काही मोटरींत एका सीलचे तोंड आत तेलाकडे आणि दुसऱ्याचे बाहेर पाण्याकडे असते. काहींत दोन्हींची तोंडे बाहेर असतात. सीलचे तोंड ज्या बाजूला, त्या बाजूचा द्रव ते अडवते. उलटे बसवलेले नवे सील फाटलेल्या सीलइतकेच निरुपयोगी. स्मरणशक्तीवर विसंबून हे काम करू नये. मोटरीबरोबर आलेल्या पुस्तिकेत चित्र असते. पण ती पुस्तिका बहुतेकांच्या घरी सापडत नाही.

नव्या सीलांच्या बाहेरच्या कडेला त्याने थोडे तेल लावले, दोन ओठांच्या मधल्या जागेत ग्रीस भरले आणि सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवून ती सरळ दाबत बसवली. तिरके बसले तर एका बाजूने गळते. शाफ्टच्या टोकाला पंखा बसवण्यासाठी धारदार खाचा असतात. त्यांनी नवा ओठ फाटू नये म्हणून खाचांवर चिकटपट्टी गुंडाळली, तिला तेल लावले, शाफ्ट सारला आणि मग पट्टी काढली. बेअरिंगच्या घराभोवतीची रबराची गोल कडी, जिला ओ-रिंग म्हणतात, तीही नवी घातली. ती जुनीच ठेवून पैसे वाचवणारे लोक आहेत. मला ती काटकसर वाटत नाही.

तेल भरण्यापूर्वी परीक्षा. सायकलच्या दुकानात ट्यूबला हवा भरून पाण्यात बुडवतात ना? तसेच. वरच्या स्क्रूच्या भोकाला नळी लावून हातपंपाने थोडी हवा भरली. दर चौरस इंचाला सुमारे १० पौंड, त्याहून फार जास्त नाही, नाहीतर चांगली सीलेच बाहेर ढकलली जातील. सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. पंखा बसतो तो शाफ्ट हाताने सावकाश फिरवून पाहिला, कारण काही वेळा स्थिर असताना सील धरते आणि फिरू लागले की सोडते. पाच मिनिटे काटा हलला नाही आणि बुडबुडाही आला नाही.

तेल मात्र वरून ओतायचे नसते. वरून ओतले तर आत हवेचा फुगा राहतो आणि पेटी भरली असे खोटेच वाटते. खालच्या भोकातून दाबत भरायचे. हवा वरच्या भोकातून निघून जाते आणि शेवटी तेथून तेल येऊ लागते. लहान मोटरीत सुमारे पाव लिटर मावते. मग वरचा स्क्रू आधी लावायचा, खालचा नंतर. प्रयोगशाळेत पिपेटच्या वरच्या टोकावर बोट ठेवले की खालून द्रव सांडत नाही, तसेच हे आहे. काहीजण गळती थांबावी म्हणून तेलाऐवजी ग्रीस भरतात. ग्रीस एकदा बाजूला फेकले गेले की परत वाहत दातांपर्यंत येत नाही. गळती थांबते आणि गिअर कोरडे राहतात.

शाफ्टला ग्रीस लावून पंखा बसवला, नट आवळला आणि पिन नवी घातली. वाकवून सरळ केलेली जुनी पिन तुटू शकते. सारे काम अडीच तासांत झाले, चहा धरून.

कारागिराने मालकाला सांगितले, "दहा तास चालवा, रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी खालचा स्क्रू जरासा सैल करून एक थेंब बोटावर घ्या." थेंब दुधाळ आला तर पाणी दुसरीकडून येत आहे. तेव्हा उभ्या शाफ्टवरचे सील आणि दोन्ही स्क्रूंखालचे वायसर पाहायचे. पुढच्या आठवड्यात मुलाने वर्गात येताच मला बोट दाखवले. नखाच्या कडेला मधाच्या रंगाचे तेल लागलेले होते. तो त्या सकाळी मुद्दाम त्या मालकाच्या होडीवर जाऊन आला होता, आणि त्यासाठी पहिल्या तासाला दहा मिनिटे उशीर झाला होता. मी हजेरीत उशीर लिहिला नाही.